पाठमोरं बेट

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, ईदची सुट्टी जवळ आली आहे. चंद्र अजून दिसायचा आहे, पण आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सुट्टी आधीच येऊन दाखल झाली आहे. ज्या कुटुंबांनी अद्याप एकही बेट ठरवलेलं नाही त्यांनी पुढील सूचना मिळेपर्यंत लिफ्टचा वापर टाळावा, जिन्याने ये-जा करावी आणि शेजाऱ्यांशी नजरानजर होऊ देऊ नये.

मी अतिशयोक्ती करत नाही. शारजाच्या अल नहदा भागात ज्याने दोन उन्हाळे काढले आहेत त्याला हे ठाऊक आहे. बाहेर हवा अशी की दारातून पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ चढते आणि समोरचा मनोरा, त्यामागची दुबईची हद्द, तिच्यावर अडकलेल्या गाड्या, सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं. अशा हवेत माणसं लिफ्टमध्ये शिरतात, घाम पुसतात आणि विचारतात, "मग, ईदला कुठे?" हा प्रश्न नाही, ही तोंडी परीक्षा आहे. "इथेच" म्हणालात तर समोरचा तुमची नोकरी गेल्यासारखा चेहरा करतो. "गावी" म्हणालात तर म्हणतो, "अच्छा, म्हणजे कुठेच नाही." बरोबर उत्तर एकच, बेट. मालदीव चालेल, बाली चालेल, झांझिबार म्हणालात तर लिफ्ट दोन मजले शांत राहते. जिथे समुद्रात वाळू ओतून माडाच्या झाडासारखी बेटं केली, तिथली माणसं खरं बेट बघायला विमानात बसतात आणि परत येऊन सांगतात की तिथे पार्किंगची फार गैरसोय आहे.

आज सकाळी सातव्या मजल्यावरच्या बाईंनी मला तोच प्रश्न विचारला आणि मला लिफ्टमध्येच ओल्या चाफ्याचा वास आला. तो वास श्रीलंकेतला. एका बकरी ईदला आम्ही ते बेट बघायला गेलो होतो. म्हणजे, बघायला गेलो होतो असं सगळ्यांना सांगितलं होतं.

खरं कारण होतं रेवा. माझ्या थोरल्या बहिणीची, अलकाताईची, एकुलती एक मुलगी. जन्म शारजाचा. मराठी घरापुरतं, हिंदी टॅक्सीपुरतं, बाकी सगळा संसार इंग्रजीत. तिला टोरांटोहून नोकरी आली होती आणि तिनं जेवताना शांतपणे जाहीर केलं होतं की ईद संपली की त्यांना हो किंवा नाही कळवायचंय. ताईनं त्याहून शांतपणे भाजी वाढली आणि म्हणाली, "कळव ना. पण त्याआधी एक मुलगा बघून घे."

मुलगा दुबई मरीनाचा. ताईच्या मनातला नकाशा अगदी सोपा होता. टोरांटो म्हणजे मुलगी गेली. मरीना म्हणजे ट्रॅफिकला शिव्या घालत का होईना, शनिवारी डबा घेऊन जाता येतं. आमच्यासारख्यांचं इथलं आयुष्य व्हिसाच्या शिक्क्यावर उभं, कधी गाशा गुंडाळावा लागेल सांगता येत नाही. पण तोवर तरी मुलगी एका रस्त्यावर असावी, एवढीच तिची मागणी. त्यासाठी ती काहीही करायला तयार होती. म्हणजे खरोखरच काहीही. सबनीस कुटुंबाबरोबर पाच दिवस प्रवास करायलासुद्धा.

रेवानं पोह्यांच्या बशा घेऊन बसायला साफ नकार दिलेला. तेव्हा मुलाचे वडील, सबनीस साहेब, यांनी तोडगा काढला. "आपण दोन फॅमिलीज मिळून ट्रिप करू. मुलं नॅचरली भेटतील." नॅचरली! सात माणसं, एक व्हॅन, दोन्हीकडच्या आया, आणि वर माझ्यासारखा एक मामा. माझी बायको शहाणी, ती माहेरी साताऱ्याला निघून गेली. मला मात्र ताईनं सोडलं नाही. "बाळ्या, तू हवास," ती म्हणाली. "उद्या बोहल्यावर तुलाच आणायचंय तिला." औद्योगिक क्षेत्रात माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लहानसा कारखाना आहे, खोक्यात काय आहे ते न विचारता चारी बाजूंनी चिकटपट्टी मारायची मला सवय आहे. मी निघालो.

सबनीस साहेब प्रोजेक्ट मॅनेजर. हा माणूस कुठेही जात नाही, साइटला भेट देतो. कोलंबोच्या विमानतळाबाहेर पडताच मी पहिल्यांदा ओल्या मातीचा, जळत्या काटक्यांचा आणि पिकलेल्या फणसाचा एकत्र वास छातीत भरून घेत होतो, तेव्हा त्यांनी घड्याळ बघून घोषणा केली, "डे वन सुरू." त्यांच्या पत्नी, सबनीस वहिनी, यांनी आजूबाजूच्या हिरवाईवर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "मेंटेनन्स केवढा असेल नाही?" मुलगा अर्णव. पांढरेशुभ्र बूट, कानात काहीतरी खोचलेलं, चेहऱ्यावर लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसाची शांतता. पाच मिनिटांत मला त्या तिघांविषयी इतकी निखळ तुच्छता वाटू लागली की माझा प्रवासाचा शीण गेला. खोटं कशाला बोलू, तुच्छतेसारखं टॉनिक नाही.

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, शारजात हॉटेलांना मसाले आणि पापड पुरवतात. ते या सगळ्यात एकाच कामात गढून गेले होते. शहाळ्याची किंमत आधी दिरहममध्ये, मग भारतीय रुपयांत, मग पुन्हा लंकेच्या रुपयांत आणायची आणि प्रत्येक वेळी नव्यानं दचकायचं. आमच्या ड्रायव्हरचं नाव सुनील निघालं, तेव्हा भावजींनी त्याला विचारलंच, "गाव कुठलं तुमचं?" सुनीलनं त्यांना आरशातून बघितलं, मागच्या सीटवर बरोब्बर शेजारी शेजारी बसवलेल्या दोन तरुण मुलांना बघितलं आणि इंग्रजीत एवढंच विचारलं, "हनिमून?" व्हॅनमधल्या पाच वडीलधाऱ्यांना एकदम खोकला आला.

व्यवस्था अशी होती. प्रत्येक ठिकाणी पोचायचं, दोन मिनिटं सगळ्यांनी मिळून "वा" म्हणायचं, आणि मग सबनीस वहिनींनी म्हणायचं, "चला, आपण जरा पाणी पिऊ." ही खूण. ती ऐकताच आम्ही पाचही जणांनी पाठ फिरवून चालू लागायचं, म्हणजे ती दोघं आपोआप मागे राहतात. नॅचरली. त्यामुळे पाच दिवस आम्ही पाणी प्यायलो. आणि पाणी प्यायल्यावर माणसाला जे शोधावं लागतं ते शोधत फिरलो. त्या बेटावरची देवळं, किल्ले, धबधबे यांची माझ्या मनात सरमिसळ झाली आहे. स्वच्छतागृहं मात्र मी आजही डोळे मिटून सांगू शकेन.

पहिला तो सिगिरियाचा खडक. सपाट रानातून तो असा एकदम उभा राहतो की त्याच्यापुढे आपण काय बोलावं ते सुचत नाही. सबनिसांना सुचलं. "लिफ्ट का नाही लावली?" कड्याच्या पोटात शेकडो वर्षांपूर्वी रंगवलेल्या स्त्रिया, हातात फुलं, ओठांवर अर्धवट हसू, त्यांच्यासमोर उभं राहून ते फोनवर कोणाला तरी काँक्रीटविषयी ओरडत होते. मागे मोठी पाटी होती की आवाज करू नका, वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत. मी पोळ्यांकडे फार आशेनं बघितलं. पण बेटावरच्या गांधीलमाश्यासुद्धा पाहुण्यांशी अदबीनं वागतात.

अर्ध्या वाटेवर दगडात कोरलेले सिंहाचे दोन अजस्र पंजे आहेत. तिथून शेवटची चढण. वहिनी म्हणाल्या, "आपण जरा पाणी पिऊ." ताई एका पायरीवर पाय ठेवून उभी होती. कॉलेजात असताना ही बाई साताऱ्याचा अजिंक्यतारा पळत चढायची. मी मागून धापा टाकत "ताई थांब, ताई थांब" ओरडायचो. तिनं वर जाणाऱ्या लोखंडी जिन्याकडे बघितलं. वारा तिच्या पदराशी झोंबत होता. मग ती म्हणाली, "माझे गुडघे," आणि खाली उतरून आमच्यात येऊन बसली. तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं.

"वर काय दिसतं?" मी विचारलं.

"रेवा दिसते," ती म्हणाली. ती कड्याकडे तोंड करून, डोळ्यांवर हात धरून, वर चढणारे दोन ठिपके बघत होती. तिच्या पाठीमागे क्षितिजापर्यंत रान पसरलं होतं, मधूनमधून तळी चमकत होती, आणि तिकडे बघायला आमच्यापैकी कोणालाही वेळ नव्हता.

हत्तींच्या बाबतीत तर आम्ही कळस केला. तिथे एका मोठ्या तळ्याकाठी उन्हाळ्यात हत्ती जमतात. जीप घेऊन जायचं. सबनिसांनी दोन जीप ठरवल्या, पुढच्या जीपमध्ये मुलं, मागच्या जीपमध्ये आम्ही. संध्याकाळचं पिवळं ऊन, गवताला चढलेला सोन्याचा रंग, पाण्यावर बगळे. आमच्या उजव्या हाताला, अगदी हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळून, एक हत्तीण आणि तिचं पिल्लू चाललं होतं. तिनं सोंडेनं गवत उपटलं तो फर्र आवाज मला ऐकू आला. ती ते गवत पायावर आपटून माती झाडत होती, अगदी आपण मेथीची जुडी झाडतो तशी. मी ताईला कोपरानं ढोसलं. ताईच्या डोळ्यांना दुर्बीण होती आणि दुर्बीण पुढच्या जीपवर होती.

"हसली," ताई कुजबुजली. "बाळ्या, हसली बघ. तू बघितलंस का?"

"ताई, हत्तीण."

"हत्तीण कुठे जात नाही. तो काहीतरी म्हणाला आणि ही हसली."

वहिनींनी दुर्बीण मागून घेतली. "हसतोय, अर्णवपण हसतोय! घरी महिनोन्महिने हसत नाही हो." मग दुर्बीण भावजींकडे गेली. हत्तींचा अख्खा कळप आमच्या मागून रस्ता ओलांडून तळ्याकडे गेला, पिल्लं आयांच्या पायांत घोटाळली, आणि आमच्या जीपमध्ये पाच वयस्क माणसं पाळीपाळीनं दोन तरुण मानांचा मागचा भाग न्याहाळत होती. हत्तींनाही आमच्याविषयी काही वाटलं असेल. मला वाटतं, तुच्छताच.

कँडीला बुद्धाच्या दाताचं देऊळ आहे. ढोल वाजत होते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं ताटांतून चाफा आणि निळी कमळं घेऊन पुढे सरकत होती. पायाखालची फरशी ओली, हवा फुलांच्या वासानं जड. तो चाफा आपलाच, आमच्या गावच्या देवळामागचा. आणि तो इतक्या लांब भेटला होता. रांग संपली, सोन्याचा करंडक क्षणभर दिसला, आणि आम्ही बाहेर ढकलले गेलो. "एवढी लाइन," सबनीस साहेब म्हणाले, "आणि दात दाखवलाच नाही?" मी त्यांना म्हटलं की विश्वास ही बंद करंडकातच ठेवायची गोष्ट असते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बिल मंजूर करायला सांगितलं होतं. वहिनी पाणी प्यायला निघाल्याच होत्या.

त्यानंतर पर्यटकांसाठी ठेवलेला नाच. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आरोळ्या, कोलांट्या, शेवटी निखाऱ्यांवरून चालणारी माणसं. शेजारच्या जर्मन बाईच्या डोळ्यांत पाणी. सबनीस म्हणाले, "आपल्या डेझर्ट सफारीत याच्यापेक्षा मोठी आग असते." मग मसाल्यांची बाग, जिथे भावजींना एक तरुण दालचिनी म्हणजे काय ते समजावून सांगत होता आणि भावजी, ज्यांच्या गोदामात दालचिनीची पोती छताला लागतात, भक्तिभावानं मान डोलवत होते, कारण मुलं दोन झाडं पलीकडे उभी होती आणि वेळ काढायचा होता. मग रत्नांचं दुकान. मग कापडाचं दुकान. बेट म्हणजे दोन दुकानांमधला हिरवा रस्ता, असा माझा समज होत चालला.

चहाच्या मळ्यांत पाऊस लागला. टेकड्या कंगव्यानं विंचरल्यासारख्या, वर ढग अंगावर येऊन बसणारे. कारखान्यातून भाजलेल्या पानांचा कडसर वास येत होता. शारजाच्या उन्हात करपलेल्या माझ्या कातडीला ते धुकं लागलं तेव्हा मी स्वतःला विसरून व्हॅनची काच खाली केली, तर मागून वहिनींचा आवाज, "एसी चालू आहे ना, काच बंद करा." रस्त्याच्या वळणावर धबधबा होता. वरून कोसळणारं पांढरं पाणी, खाली कानठळ्या. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, अखेर हिला काहीतरी भिडलं. त्या म्हणाल्या, "हा किती वाजता बंद करतात?" त्यांचा दोष नाही. आमच्याकडचे धबधबे मॉलमध्ये असतात आणि मॉल बंद झाला की त्यांनाही घरी जावं लागतं.

आणि मग ती पौर्णिमा. परतीच्या रस्त्यावर गावोगाव कागदी कंदील लागलेले, आणि एका गावात पोरांच्या घोळक्यानं झेंडे हलवत आमची व्हॅन अडवली. सबनिसांनी ताबडतोब काच वर घेतली. "टोल असेल. कुणी पैसे काढू नका." सुनील म्हणाला, टोल नाही, जेवण आहे. बुद्धाच्या पौर्णिमेला लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून जेवू घालतात. "कितीला?" भावजींनी विचारलं. फुकट. "का?" सबनिसांनी विचारलं. सुनीलनं खांदे उडवले. रेवा आणि अर्णव दार उघडून उतरलीसुद्धा. ताई उठायला लागली तर वहिनींनी तिचा हात धरला. "जाऊ द्या ना दोघांना. आपण पाणी पिऊ."

आम्ही बंद काचेआडून पाणी प्यायलो. बाहेर मांडवात मोठ्या कढया होत्या, वाफाळता भात, नारळाचं काहीतरी, फणसाची भाजी. अर्णवचे पांढरे बूट चिखलानं लाल झालेले. तो हातानं भात कालवत होता, एक म्हातारी त्याच्या पानात आणखी वाढत होती आणि तो नाही म्हणत नव्हता. रेवा पोरांच्यात उभी राहून दुसऱ्या गाड्या थांबवायला झेंडा हलवू लागली होती. त्या क्षणी मला अर्णवविषयी तुच्छता वाटायची थांबली, याचा मला राग आला. ताईनं काचेला नाक लावलं होतं. तिच्या श्वासानं काच धुरकटायची, ती पदरानं पुसायची आणि पुन्हा बघायची.

"भात कसला आहे ग?" मी विचारलं.

"एका पानात जेवतायत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाळ्या, जमलं रे."

एका पानात जेवत नव्हती, शेजारी शेजारी दोन पानं होती. पण मी मान डोलावली. तिच्या मनात त्या वेळी शनिवारचा डबा भरून तयार होता.

शारजाला परत आलो त्या संध्याकाळी ताईच्या घरी फोटो लावले होते. आमच्याकडचा हा एक भयंकर रिवाज आहे. प्रवासाहून आलं की फोन टीव्हीला जोडायचा आणि नातेवाइकांना बाहेर जाऊ द्यायचं नाही. नशिबानं नातेवाईक मी एकटाच होतो. बाहेर नेहमीचं दुधी आकाश, खाली सिग्नलला अडकलेल्या गाड्या, एसीची घरघर. ताईनं चहा ठेवला, थालीपीठ लावलं, आणि हातात फोन घेऊन सोफ्यावर बसली.

फोटो सुरू झाले. दोन पाठी आणि सिंहाचा पंजा. दोन पाठी आणि जीपचं चाक. दोन पाठी, छत्री, धूसर काहीतरी. दोन पाठी, कंदील. भावजी म्हणाले, "हत्तीचा एकही नाही?" ताई म्हणाली, "शोभतात ना दोघं?"

रेवा जमिनीवर बसून सॉक्स काढत होती. ती म्हणाली, "आई, लिसन. मी काल रात्री टोरांटोला हो कळवलं."

ताईचा अंगठा फोनवर तसाच राहिला. भावजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "खलास."

"आणि अर्णव?" मी विचारलं. कोणीतरी विचारायला हवं होतं.

"मामा, वी डिसायडेड ऑन डे वन," रेवा म्हणाली. "त्या खडकावर, वरती. तो म्हणाला, मला आत्ता लग्न करायचंच नाहीये, सॉरी. मी म्हटलं, थँक गॉड, मलापण नाही. मग आम्ही बसून व्ह्यू बघितला. इट वॉज अनरिअल, मामा. सगळं बेट दिसतं तिथून."

"मग बाकीचे चार दिवस?" भावजी म्हणाले.

"तुम्ही सगळे इतके खूश होतात, बाबा. एवढी मेहनत घेत होतात. आणि सांगितलं असतं तर सबनीस अंकलनी दुसऱ्याच दिवशी हत्ती कॅन्सल केले असते. अर्णवला हत्ती बघायचेच होते." ती सरकून ताईच्या पायांशी आली. "आई, रागावू नको ना. मी दर वर्षी येईन. पण मला जायचंय. खरंच जायचंय."

टीव्हीवर एक फोटो थांबलेला होता. मधोमध रेवा आणि अर्णव, पाठमोरी. आणि त्यांच्या दोन डोक्यांच्या फटीतून, पाऊस थांबल्यावरच्या उजेडात, डोंगरामागे डोंगर, त्यामागे डोंगर, अगदी शेवटचा निळा होऊन आकाशात विरघळलेला. ताई त्या फटीकडे बघत होती. आता ती रडेल असं मला वाटलं, आणि माझ्या खिशात रुमालही नव्हता. तिनं रेवाच्या केसांवर हात ठेवला, तो तिथेच ठेवला, पुन्हा त्या फटीकडे बघितलं, आणि तिचा आवाज साताऱ्याच्या चढणीवरून मागच्यांना हाक मारावी तसा एकदम फुटला:

"अगं मग त्याच दिवशी सांगायचं नाही का, कार्टे! मी बेट तरी बघितलं असतं!"